गिटारीच्या पोटातलं अक्षर

दौलतरावाला माणसं आवडत नसत. बैलांबद्दल, झाडांबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. पण दोन पायांवर चालत कोणी त्याच्या टिनाच्या छपरीत शिरलं की त्याच्या कपाळावर आपोआप आठ्या चढायच्या. पवनारात, धाम नदीच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर, भावाच्या वांग्याच्या वावराला लागून ती छपरी. पाटी नाही, फलक नाही. "पाटी त्याईले लागते, ज्याईले कोनी वळखत नाई," असं तो म्हणायचा. आता खरं सांगायचं तर गावातल्या निम्म्या लोकांना तो आत बसून काय करतो हेच धड ठाऊक नव्हतं. कोणी म्हणे तंबोरे करतो, कोणी म्हणे देव्हारे करतो. एका म्हाताऱ्यानं तर एकदा वखराचा दांडा आणून बसवून मागितला होता.

करायचा तो गिटारी. लाकडाच्या, पोकळ पोटाच्या, वीज न लागणाऱ्या. आणि त्याही एकेका वाजवणाऱ्याच्या हाताचं माप घेऊन, एकेक. वर्षाला पाच, फार तर सहा. नागपूरहून, रायपूरहून, पार पुण्याहून लोक पत्ता विचारत विचारत यायचे आणि हा गडी त्यांचं स्वागत कसं करायचा? "बूट बाहेर काढ, अन् तोंड बंद ठेव." बस. पाण्याचं गोपिकाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं विचारायचं. ह्यानं नाही.

दुकानात टांगलेल्या गिटारींना तो प्लायचे डबे म्हणायचा. मोबाइलमध्ये बघून वाजवायला शिकणाऱ्यांना तर तो माणसातच धरत नसे. सावंगीच्या मेडिकलची पोरं यायची, त्यांच्या गळ्यातला गिटारीचा नक्षीदार पट्टा बघून तो म्हणायचा, "बाप्पा! चार सूर येत नाई, अन् पट्टा पाहा लेकाचा, जसा नवरदेव!" नागपूरचे कारागीर आळशी, वर्ध्याचे फर्निचरवाले चोर, स्वतःचा मुलगा अंकुश बुटीबोरीच्या कंपनीत नोकरीला लागला म्हणून तो नेभळट. एवढं तोंडसुख घेऊनही त्याचा सगळ्यांत जुना, मुरलेला राग वेगळाच होता. तो होता कूलरवर.

मे महिन्यात आपल्याकडे पारा शेहेचाळीसला टेकतो. घरोघर खिडकीला कूलर लागतात, बायका दिवसभर त्यात बादल्या ओततात, माणसं त्याच्यासमोर पालथी पडून असतात. हे बघितलं की दौलतरावाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "वल्ल्या फडक्यात ठेवलेली मेथी झाले लोकं," तो म्हणायचा. "हात लावला की गळते."

त्याचं काय होतं, त्याचा सारा धंदाच उन्हावर उभा होता. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. हवा कोरडी झाली की आकसतं. फुगलेलं असताना ते चिकटवून टाकलं आणि मागून आकसायला लागलं, तर त्याला सरकायला जागा उरत नाही, मग ते सरळ फाटतं. म्हणून दौलतराव गिटारीची मान थंडीत कोरायचा, शिवणीच्या लाकडाची तोंडाची, म्हणजे तारांखालची समोरची, फळी मार्चात घासायचा. पण आतल्या पट्ट्या चिकटवून मागून पाठ लावायची, म्हणजे गिटारीचं पोट बंद करायचं, ते फक्त मे महिन्यात. तेही बारा ते चार, भर उन्हात, टिनाखाली. तेव्हाची हवा कशी, तर उघड्यावर ठेवलेली भाकर घटकाभरात कडक होते. "कारखान्याईत हवा सुकवाले मशीन लावते," तो फुशारकी मारायचा. "माह्यं मशीन वर आभायात आहे. अन् त्याचं बिल येत नाई." गिऱ्हाईक जूनमध्ये येवो की दिवाळीला, पोट बंद व्हायचं ते मे महिन्यातच. अठरा वर्षांत त्याची एकही गिटार फाटली नव्हती. हे तो येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा, दोनदा.

आणखी एक सवय होती. तरुणपणी नागपूरला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या दुकानात त्यानं अकरा वर्षं काढली होती. तिथं मेलेल्या गिटारी उघडून बघायच्या आणि आत कोणत्या गाढवानं काय करून ठेवलंय ते अंदाजानं ओळखायचं. आत कोणीच काही लिहून ठेवत नसे, ह्याचा त्याला भयंकर राग यायचा. म्हणून स्वतःची गिटार बंद करण्याआधी तो आत, पाठीच्या लाकडावर, भोकातून नजर पोचणार नाही अशा टोकाला, सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहायचा. वाजवणाऱ्याचं नाव, तारीख, त्याच्याबद्दल चार शब्द, आणि शेवटी "कोरडी हवा". ते चार शब्द बहुतेक शिव्याच असायच्या. पण वाचतो कोण? पुढं कधी तीस-चाळीस वर्षांनी कोणी कारागीर ते पोट उघडेल, त्याच्यासाठी ते. बाहेरच्या लोकांशी थापा मारायला दौलतरावाला कधी काही वाटलं नाही. पण त्या न जन्मलेल्या कारागिराशी तो खोटं बोलत नसे.

आचल आली ती जानेवारीत. मूळची आष्टीकडची, घरी संत्र्याचा बगीचा, आणि सावंगीला दातांच्या डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाला. आली आणि न सांगताच चपला बाहेर काढल्या. इथंच दौलतरावाचं डोकं फिरलं, कारण पहिलं वाक्यच वाया गेलं.

"बस," तो म्हणाला, आणि तिच्यापुढं तुरीच्या ओल्या शेंगांची टोपली सरकवली. "सोल."

हे सगळ्यांनाच करावं लागायचं. मोजपट्टी मागून; आधी शेंगा. हंगाम नसला तर लसूण. हात दाखव म्हटलं की माणूस हाताचं प्रदर्शन मांडतो, पण शेंगा सोलताना तो विसरतो. मग कोणतं बोट जोर लावतं, कोणतं नुसतं लटकतं, मनगट किती वळतं, सारं दिसतं. रायपूरच्या बँकेतल्या एका मोठ्या साहेबानं दोन किलो शेंगा सोलल्या होत्या आणि गोपिकाबाईनं त्यानंच सोललेल्या दाण्यांची भाजी करून त्यालाच वाढली होती.

आचलचा हात भराभर चालला. दौलतराव बघत राहिला, आणि मग त्याला ते दिसलं. डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती.

"बाकीची कुठं ठेवून आली?"

"कुट्टीच्या मशीनीत," ती म्हणाली. "सात वर्साची होती. कडबा लोटता लोटता गेली."

"मंग गिटार कायले पाह्यजे तुले? ढोलकी वाजव."

"ढोलकी येते मले, काकाजी. गिटार येत नाई, म्हनून आली. दुकानातल्या गिटारीवर हे बोट पुरतच नाई. सगळे म्हनते, सोडून दे."

दौलतरावानं गुरगुरत मोजपट्टी काढली.

खरं म्हणजे त्याला आनंद झाला होता. ह्या हातासाठी बाजारात काही नाही, आणि हे आपणच करू शकतो, हे त्याला कळलं होतं. त्यानं मान अरुंद केली, पडदे जवळजवळ घेतले, मानेची एक कड त्या अर्ध्या बोटासाठी हळूच खाली उतरवली. दर दुसऱ्या रविवारी आचल यायची, मान हातात धरून बघायची, तो रंधा मारायचा, पुन्हा द्यायचा. बोलणं मात्र दिवसेंदिवस कडू होत गेलं. तिच्या घरची संत्री खात खात तो म्हणायचा, "आंबट आहे." दात उपटणाऱ्यांना सुरातलं काय कळतं, असं तो तिला विचारायचा, आणि ती तार छेडून म्हणायची, "ही तार उतरली आहे, काकाजी." तपासली तर खरंच उतरलेली असायची.

"कूलरपुढं ठेवली त मले तोंड दाखवू नको," हे त्यानं तिला जानेवारीतच बजावलं होतं.

मे आला. पाच गिटारींपैकी चार चौदा तारखेपर्यंत बंद झाल्या. उरली आचलची. पंधराला दुपारी पट्ट्या बसवताना दौलतरावाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. हातातली पटाशी गळून पडली आणि तो भुशात बसकन बसला. एकसष्ट वर्षांचं शरीर ते, अठरा मे महिने टिनाखाली भाजलेलं. गोपिकाबाई घरी नव्हती. हिंगणघाटला भावाच्या मुलीच्या लग्नाला पाच दिवसांसाठी गेली होती. त्यानं डोक्यावर ओलं फडकं घेतलं, कांदा फोडून हुंगला, पुन्हा उठला. पुन्हा अंधारी.

घरात कूलर होता. अंकुशनं गेल्या साली आईसाठी आणला होता, खाली चाकं असलेला. तेव्हा दौलतरावानं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, की हे डबडं माह्या छपरीच्या उंबऱ्याच्या आत दिसलं तर धाममध्ये फेकीन.

सोळा तारखेला त्यानं दार लावून घेतलं, इकडंतिकडं बघितलं, आणि तो कूलर अंगणातून ओढत छपरीत नेला. सहा बादल्या पाणी ओतलं. बटण दाबलं. वाळ्याचा वास घेऊन गार झोत अंगावर आला आणि दौलतरावाचे डोळे मिटले. सुख काय असतं ते त्याला त्या क्षणी कळलं, आणि अठरा वर्षं आपण ज्यांना शिव्या घातल्या ते मूर्ख नव्हते, हेही कळलं. दुसऱ्या गोष्टीचा त्याला फार राग आला. त्यानं तो राग कूलरवरच काढला, पण बंद केला नाही.

आजच्यापुरता, असं त्यानं स्वतःला सांगितलं. सोळाला सांगितलं, सतराला सांगितलं. तोंडाच्या फळीवरच्या पट्ट्या त्यानं कूलरच्या ओल्या हवेत चिकटवल्या. लाकडाला हात लावला तर किंचित थंड लागत होतं. त्याला समजलं नाही असं नाही. अठरा वर्षांच्या हाताला काय समजत नाही? पण बटण बंद केलं की पुन्हा ती अंधारी, आणि एकदा भुशात मरून पडलो तर ही गिटार पुरी कोण करणार, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली.

अठरा मेला पाठ लावायची होती. त्यानं पेन्सिल घेतली आणि आत लिहिलं: "आचल. १८ मे. साडेचार बोटं, कान खरे." एवढी स्तुती त्यानं आजवर कोणाची लिहिली नव्हती. मग सवयीनं "कोरडी हवा" लिहायला हात पुढं गेला आणि थांबला. मागं कूलर घरघरत होता. शेवटी त्यानं कोपऱ्यात, बारीक अक्षरात, एकच शब्द लिहिला: "कूलर." आणि सरस लावून पाठ बसवली.

गोपिकाबाई परत येण्याआधी कूलर घरात होता, पुसून, जागच्या जागी.

सव्वीस मेला आचल गिटार घेऊन गेली. छपरीत बसून तिनं वाजवली तेव्हा ते अर्धं बोट तारेवर नीट टेकलं, सूर निघाला, आणि पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "रडाचं असन त बाहेर जाऊन रड, लाकूड वल्लं होईन," दौलतराव म्हणाला. ती हसत निघून गेली. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, सुरू झाला होता. सुट्टी होती म्हणून ती सरळ आष्टीला घरी गेली.

तीन जूनला छपरीत नागपूरचा मुकेश बसलेला होता. हॉटेलांमध्ये संध्याकाळी गाणी वाजवणारा, हातात तीन अंगठ्या. त्याची गिटार तयार होती आणि दौलतराव त्याला नेहमीचं ऐकवत होता. "अठरा वर्सं झाले. एक फाटली नाई. फाटली त त्या मानसाची चूक, माह्यी नाई. हे लिहून घे."

तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली. आचल आत आली, तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडला, आणि गिटारीची पेटी त्याच्यापुढं ठेवून उघडली.

तोंडाच्या फळीवर, भोकापासून खालच्या कडेपर्यंत, सरळ चीर गेली होती. नख शिरेल एवढी.

दौलतरावाला एका नजरेत कळलं. लाकूड काय झालं ते, कधी झालं ते, आणि कोणी केलं ते. मृगाला चार दिवस होते. आज ही उघडली, तर कोरड्या हवेत वाळवून पुन्हा बंद होईल. एकदा हवेत ओल आली की ही पोरगी पुढच्या मे महिन्यापर्यंत बसून राहील. फक्त एवढंच म्हणायचं होतं, की चूक माझी. समोर मुकेश बसलेला होता आणि त्याला आत्ताच सगळं लिहून घ्यायला सांगितलेलं होतं.

"काय केलं हे?" दौलतराव ओरडला.

"काई नाई केलं, काकाजी. कपड्यात गुंडाळून ठेवलती, तुमी सांगतलं तशी. तीस तारखेले दुपारी आवाज आला, काडी मोडल्यावानी."

"कूलरपुढं ठेवली असन! झोपली असन गिटार कुशीत घेऊन, गार हवेत!"

"आमच्या घरी कूलर नाई. दुपारची लाइनच राहत नाई आमच्याकडं."

"मंग उन्हात टाकली असन. गाडीवर बांधून आनली असन. म्या तुले पह्यल्याच दिवशी वळखलं होतं! तुमाले वस्तू पाह्यजे, वस्तूची कदर नाई पाह्यजे. चार महिने हाडं झिजवले माह्ये, अन् चार दिवसांत वाट लावली!" आवाज चढत गेला. जितकं आतून टोचत होतं तितका तो मोठ्यानं बोलत होता. मुकेश मान डोलावत होता, आणि त्या मान डोलावण्यानं ह्याला आणखी जोर येत होता. "म्हनून मी म्हन्तो, हरेकाच्या हाती गिटार देऊ नये. साडेचार बोटाची अन् चालली गिटार वाजवाले!"

मुकेश फिसकन हसला. आपण काय बोललो ते दौलतरावानं स्वतःच ऐकलं, पण तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची त्याला सवय नव्हती.

"झालं, काकाजी?" आचलनं विचारलं. "आता सांगा, दुरुस्त होते का?"

"नाई होत. घेऊन जा."

तिनं पिशवीतून एक लांब दांडीचा, नखाएवढा गोल आरसा काढला. दातांच्या मागचं बघायचा तो आरसा. मोबाइलची बत्ती पेटवून गिटारीच्या भोकात धरली, आरसा आत घातला, आणि गिटार त्याच्याकडं वळवली.

"आत काईतरी लिहिलं आहे. अक्षर तुमचं दिसते. वाचून सांगा बरं."

गिटारीच्या पोटात असा कोणी आरसा घालील हे अठरा वर्षांत दौलतरावाच्या डोक्यात आलं नव्हतं. तो वाकला. आरशात अक्षरं उलटी दिसत होती.

"तुह्यं नाव आहे," तो म्हणाला. "तारीख आहे."

"अन् त्याच्या पुढं?"

"काई नाई."

"कोपऱ्यात?"

"सांगतलं ना, काई नाई!"

आचलनं आरसा बाहेर काढला आणि दुपट्ट्यानं पुसला. "कूलर लिहिलं आहे, काकाजी. आमाले आरशात उलटं पाहाची सवय असते, दिवसभर तेच करतो. म्या आष्टीलेच वाचलं. ‘साडेचार बोटं, कान खरे’, हे बी वाचलं." तिचा आवाज जरासा हलला, पण थांबला नाही. "बाबा म्हने, भांडाले जाऊ. म्या म्हटलं, भांडाचं नाई. ज्यानं आपली चूक आपल्या हातानं आत लिहून ठेवली, तो मानूस खोटा नसन. म्हनून एकटी आली. तुमी मात्र मले शिव्याच देऊन राह्यले."

दारात गोपिकाबाई उभी होती. पाहुण्यांसाठी पाण्याचे पेले घेऊन आली होती, ती तिथंच थांबली होती. "मी हिंगनघाटून आली त कूलरच्या वाळ्याच्या ताट्या वल्ल्या होत्या," ती शांतपणे म्हणाली. "घरात कोनी नाई, अन् ताट्या वल्ल्या. म्या म्हटलं, जाऊ दे, सांगतीन कधी तरी." तिनं पेला आधी आचलला दिला, मग मुकेशला. नवऱ्याला दिला नाही.

मुकेश आता हसत नव्हता. त्यानं आपली गिटार मांडीवर ओढली. "दौलतभाऊ, माझी कोणत्या हवेतली आहे?"

"तुह्यी अकरा तारखेची. कोरडी."

"पक्कं?"

अठरा वर्षांत दौलतरावाला हे कोणी विचारलं नव्हतं. त्यानं उत्तर द्यायच्या आत आचलनं आरसा मुकेशच्या हातात ठेवला. मुकेशनं बत्ती धरली, मान वाकडी केली, एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं: "मुकेश... अकरा मे... बोटं बरी... कान नाई... अंगठ्या फार... कोरडी हवा." वाचलं आणि त्याचं तोंड उतरलं. गिटार पेटीत भरून तो उठला, कोणाकडंही न बघता गाडीवर बसला आणि गेला. हवा कोरडी होती एवढं तरी खरं निघालं, असं तिथं कोणी म्हणालं नाही.

दौलतराव खाली बघत बसला होता. त्याला लाज वाटत होती. सरळ, साधी लाज, लहानपणी वांगी चोरताना आजोबांनी धरलं होतं तेव्हा वाटली होती तशी. आयुष्यभर जगाला नावं ठेवली, आणि नावं ठेवण्याजोगा माणूस ह्याच टिनाखाली पटाशी घेऊन बसलेला होता.

"चूक माह्यी आहे," तो शेवटी म्हणाला. आवाज इतका बारीक की गोपिकाबाईनं "काय?" म्हणून विचारलं, आणि त्याला ते पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं.

मग तो उठला आणि तापवलेल्या सुरीनं गिटारीची पाठ सोडवायला बसला.

चीर पडलेली फळी, सोडवलेल्या पट्ट्या, पाठ, सारं त्यानं छपरीत मोकळं मांडलं. आणि मग नेहमीसारखा तोही तिथंच उन्हात बसायला लागला. गोपिकाबाईनं दारातूनच त्याला हटकलं. "लाकडाले ऊन पाह्यजे. तुमाले काऊन पाह्यजे?"

लाकूड तीन दिवस एकटंच टिनाखाली वाळलं आणि दौलतराव घरात, उघड्या दारानं, गल्लीतून जाणाऱ्या येणाऱ्याला दिसेल असा कूलरपुढं बसला. अठरा वर्षं हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. लोक वाकून बघत होते आणि तो बघू देत होता. चीर सांधायला, पट्ट्या पुन्हा लावायला तेवढा तो आत जायचा, घटकाभर, आणि परत यायचा.

सहा जूनला, मृगाच्या आदल्या दिवशी, दुपारी पाठ लावायची होती. आचल आली होती. छपरीत कूलर नव्हता; घाम दोघांच्या कपाळावरून ओघळत होता. दौलतरावानं जुन्या अक्षराखाली लिहिलं: "फाटली. चूक कारागिराची. ६ जून. कोरडी हवा." मग पेन्सिल तिच्यापुढं धरली.

"मी समद्याईचं लिहितो," तो म्हणाला. "माह्यं कोनी नाई लिहिलं. लिही."

आचलनं त्याच्याकडं बघितलं, थट्टा तर नाही ना म्हणून. मग वाकून, जीभ दाताखाली धरून, सावकाश लिहिलं आणि लाकूड त्याच्याकडं सरकवलं. हे अक्षर सुलटं होतं, आरसा लागत नव्हता.

"दौलतकाका. हात खरे. जीभ नाई."

सरस तापून तयार होता. खोडरबर खिशात होतं. दौलतरावानं ते दोनदा वाचलं, मग सरसाचा कुंचला उचलला आणि पाठ बसवून, घाम पुसायलाही न थांबता, एकेक शिकंजा आवळत गेला.